"दगडाला काय होतंय?" – टँक बंद असताना लाइव्ह रॉक जिवंत कसा ठेवायचा



खाऱ्या पाण्याचा फिशटँक ज्यांच्या घरी किंवा शाळेत आहे, त्यांना कधी ना कधी तो रिकामा करावाच लागतो. घर बदलायचं असतं, काचेचा सांधा गळायला लागतो, प्रयोगशाळेत रंगकाम निघतं, नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत टँककडे बघायला कोणी नसतं. अशा वेळी माशांची सोय सगळेच करतात. दगड मात्र "दगडाला काय होतंय?" म्हणून गच्चीवर पडून राहतात. महिन्याभराने टँक पुन्हा भरला जातो. पाणी नवं, काच चकचकीत, दगड तेच. मासे सोडले की आठवड्याच्या आत ते वर येऊन धापा टाकायला लागतात आणि एकेक करून मरतात. मुलं विचारतात, पाणी तर स्वच्छ होतं, मग मासे का मेले?

उत्तर त्या दगडांत आहे. या दगडांना मत्स्यपालनाच्या भाषेत 'लाइव्ह रॉक' म्हणतात, म्हणजे जिवंत दगड. नाव ऐकून मुलांना गंमत वाटते, पण इथे दगड स्वतः जिवंत नसतो. तो चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, सच्छिद्र तुकडा असतो. जिवंत असतात त्यात राहणारे भाडेकरू. वरच्या थरावर जांभळट-गुलाबी शैवाल, फटींमध्ये बारीक किडे, स्पंजाचे ठिपके, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जिवाणू.

दगड करतो तरी काय?

नववीच्या विज्ञानात नायट्रोजन चक्र शिकवताना आपण फळ्यावर बाण काढतो. अमोनीकरण, नायट्रीकरण, विनायट्रीकरण. मुलं शब्द पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. तेच चक्र एका दगडात पूर्ण होताना बघायचं असेल तर लाइव्ह रॉकसारखं उदाहरण नाही.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतात. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजली की त्यात भर पडते. अमोनिया माशांना विषारी असतो आणि समुद्राच्या पाण्यात तर जास्तच, कारण त्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ८.१ ते ८.३ असतो. पाणी जितकं अल्कधर्मी, तितका अमोनियाचा विषारी प्रकार जास्त. दगडाच्या पृष्ठभागावर आणि बाहेरच्या छिद्रांत जिवाणूंचा एक गट राहतो. तो या अमोनियाचं नायट्राइट करतो, आणि दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. दोघांनाही भरपूर ऑक्सिजन लागतो. दगडाच्या आत खोलवर, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथे तिसऱ्याच प्रकारचे जिवाणू असतात. ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायू पाण्यातून हवेत निघून जातो. म्हणजे एका मुठीएवढ्या दगडात बाहेर एक कारखाना आणि आत दुसरा!

नाशिकच्या मुलांना हे द्राक्षबागेवरून लगेच कळतं. बागेत युरिया टाकला की मातीत त्याचा आधी अमोनिया होतो आणि मग अशाच जिवाणूंमुळे नायट्रेट. मातीत जे काम चालतं तेच टँकमध्ये दगड करतो.

हे जिवाणू वाढायला फार हळू. दुधाला विरजण लावलं तर रात्रीत दही होतं, कारण त्या जिवाणूंची संख्या भराभर दुप्पट होत जाते. नायट्रीकरण करणाऱ्यांचं तसं नाही. नव्या टँकमध्ये त्यांची वसाहत नीट बसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. गच्चीवर वाळलेला दगड परत टँकमध्ये टाकला की आपण पुन्हा शून्यावर असतो. खरं तर शून्याच्याही खाली, कारण छिद्रांमध्ये मेलेले किडे आणि स्पंज आता पाण्यात कुजतात आणि दगड अमोनिया कमी करण्याऐवजी स्वतःच अमोनिया सोडतो. मासे मरतात ते यामुळे.

"दुसरा आणू की!" असं का म्हणता येत नाही

समुद्रातला दगड टँकमध्ये ठेवून त्याच्याच बळावर मासे पाळायची पद्धत इंडोनेशियातले ली चिन एंग यांनी १९६१ साली लेख लिहून जगापुढे आणली. पुढे बर्लिनच्या हौशी लोकांनी ती वाढवली आणि प्रवाळबेटांवरून दगडांच्या पेट्या विमानाने देशोदेशी जाऊ लागल्या.

आपल्याकडे हा मार्ग बंद आहे, आणि तो बंद आहे हे चांगलंच आहे असं माझं मत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून प्रवाळांचा समावेश आहे. वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. मालवणच्या सहलीत किनाऱ्यावर सापडलेला पांढरा तुकडा मुलं खिशात घालतात, तो प्रवाळाचा असेल तर मेलेला असला तरी त्याचा व्यापार गुन्हा ठरतो. सहलीला निघण्याआधी एवढं मुलांना सांगून ठेवावं.

म्हणून आपल्याकडे बहुतेक जण चुन्याचे किंवा सिरॅमिकचे बनवलेले कोरडे दगड घेतात आणि ते आपल्या टँकमध्ये 'जिवंत' करतात. दगड पैशांनी येतो, त्यातला जीव महिन्यांनी येतो. तो एकदा गेला की दुकानातून आणता येत नाही. दगड सांभाळायचा तो यासाठी.

इथे एक प्रश्न हमखास येतो. आपल्या नाशिकला दगडांची काय कमी? पांडवलेणीच्या परिसरातला छिद्रांचा काळा दगड चालणार नाही का? तो बेसाल्ट. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून त्यात पोकळ्या झाल्या आणि पुढे त्यातल्या अनेक पोकळ्यांमध्ये झिओलाइटचे स्फटिक वाढले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहता येतात, मुलांना जरूर न्या. पण टँकसाठी अडचण अशी की बेसाल्टमधल्या पोकळ्या बऱ्याचदा एकमेकींना जोडलेल्या नसतात. पाणी आत फिरत नाही, त्यामुळे आतला कारखाना उभाच राहत नाही. "झिओलाइट अमोनिया शोषतं ना?" असंही कोणी विचारेल. गोड्या पाण्यात काही झिओलाइट शोषतात. खाऱ्या पाण्यात सोडियम इतकं असतं की तेच जागा अडवून बसतं, उलट आधी शोषलेला अमोनियाही बाहेर पडू शकतो.

वर्गात करून बघण्यासारखं : चुन्याच्या कोरड्या तुकड्यावर आणि बेसाल्टवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. चुन्याचा फसफसतो, बेसाल्ट गप्प राहतो. बेसाल्टही एखाद्या जागी फसफसला तर गडबडू नका, त्या पोकळीत कॅल्साइट असेल. (लाइव्ह रॉकवर मात्र हा प्रयोग करू नका.)

बादलीतला मुक्काम

आता मुख्य काम. टँक बंद असताना दगडाला काय लागतं? खारं पाणी, हलतं पाणी, माफक ऊब, एवढंच. उजेड लागत नाही. जिवाणूंना उजेडाशी देणंघेणं नसतं. अंधारात जांभळं शैवाल फिकं पडेल, पण ते नंतर परत येतं. उलट नको असलेलं हिरवं शैवाल अंधारात कमी होतं, हा फायदाच.

पन्नास-साठ लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम किंवा मोठा टब घ्या. फिनेल, साबण, कीटकनाशक यांचा कधीही स्पर्श न झालेला. तांब्या-पितळेचं भांडं अजिबात नको. तांबं पाण्यात थोडं जरी उतरलं तरी दगडातले बारीक जीव मरतात. माशांच्या रोगावरची काही औषधंही तांब्याचीच असतात, ती टँकमध्ये वापरायची झाल्यास आधी दगड बाहेर काढतात ते त्यामुळेच.

ड्रममध्ये शक्यतो टँकचंच जुनं पाणी भरा. दगड ठेवण्याआधी दुसऱ्या बादलीत, त्याच खाऱ्या पाण्यात, हलवून त्यावरचा गाळ झटकून टाका. नळाखाली धुवायचा मोह आवरा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेलं असतं आणि ते आपले-परके ओळखत नाही. शिवाय खाऱ्या पाण्यातल्या जिवाला गोडं पाणी लागलं की पाणी पेशींमध्ये शिरून त्या फुगतात. परासरणाचा धडा इथे आपोआप होतो.

जुनं पाणी कमी पडलं तर नवं बनवावं लागेल. आपल्यापासून मुंबईचा समुद्र रस्त्याने दीडशे किलोमीटरहून लांब, त्यामुळे तयार सागरी मीठ आणायचं. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ते ३८ ग्रॅम घालून ढवळायचं आणि हायड्रोमीटरवर १.०२५ च्या आसपास आकडा आला की थांबायचं. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. समुद्रातल्या क्षारांपैकी सुमारे ८५ टक्के सोडियम आणि क्लोराइड असतं हे खरं, पण उरलेल्या पंधरा टक्क्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, बायकार्बोनेट येतं आणि त्यावाचून भागत नाही.

दगड एकावर एक दाबून रचू नका, मधून पाणी फिरायला हवं. तळाशी छोटा पॉवर हेड किंवा एअर पंपाचा एअर स्टोन सोडा आणि तो दिवसरात्र चालू ठेवा. सगळ्यात जास्त दगड इथेच मरतात. पाणी स्थिर राहिलं की आतला ऑक्सिजन काही तासांत संपायला लागतो. खाऱ्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी विरघळतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला आठ मिलिग्रॅमच्या थोडा वर, तर समुद्राच्या पाण्यात सातच्याही खाली. पाणी तापलं की तो आणखी घटतो. म्हणून वीज गेल्यावर काय, याची सोय आधीच करून ठेवा. पॉवर बँकेवर चालणारा यूएसबी एअर पंप फार महाग नसतो. तोही नसेल तर घरातल्या कुणीतरी दर अर्ध्या तासाने मगाने पाणी उचलून उंचावरून ओतायचं. मुलं हे काम आवडीने करतात.

ड्रमवर झाकण घट्ट लावू नका. त्याच वेळी पाण्याच्या पातळीवर मार्करने रेघ मारा, कारण आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी डोळ्यांदेखत उतरतं. आणि ते भरून काढायचं गोड्या, आरओच्या पाण्याने, खाऱ्या नव्हे. वाफ फक्त पाण्याची होते, मीठ खालीच राहतं. मिठागरात मीठ तयार होतं ते याच कारणाने. पण ड्रमसमोर उभं राहून विचारलं की "पाणी कमी झालं, आता कोणतं घालू?" तर निम्मी मुलं "खारं" म्हणतात. विचारून बघा.

तापमान २४ ते २७ अंश असावं. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीकडे जातो तेव्हा ड्रम गच्चीवर किंवा पत्र्याखाली नको, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत फरशीवर ठेवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने हे दोन-तीन अंश उतरतं. बर्फ थेट टाकू नका, खारटपणा बिघडतो. डिसेंबर-जानेवारीत उलटी गोष्ट. निफाडचा पारा पेपरात येतो तेव्हा आपल्या घरातलं पाणीही बरंच गारठलेलं असतं, त्या दिवसांत हीटर हवाच.

खायला काय घालायचं? महिन्याभरासाठी जवळजवळ काहीच नाही. दगडावरचं थोडं काही मरत-कुजत राहतं, तेच पुरतं. जिवाणू उपाशी राहिले तर लगेच मरत नाहीत, काम मंदावून तग धरतात. मुक्काम दोन-तीन महिन्यांचा असेल तर आठवड्यातून एकदा माशांच्या खाद्याची अगदी छोटी चिमूट टाका.

पहिल्या आठवड्यात दोनदा अमोनिया तपासा. टेस्ट किटचा रंग गडद आला तर एक चतुर्थांश पाणी बदला. किट नसेल तर नाक वापरा. चांगल्या दगडाला ओहोटीच्या वेळच्या किनाऱ्यासारखा वास येतो. सडलेल्या अंड्यासारखा वास आला तर समजा, कुठेतरी ऑक्सिजन संपला आहे. कोणता दगड ते एकेक उचलून शोधा आणि तो वेगळा काढा.

हलवताना, आणि एक धोक्याची सूचना

नाशिकहून पुण्याला बदली झाली तर दगड पाण्यात बुडवून नेलेच पाहिजेत असं नाही. खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत ठेवले तर काही तासांचा प्रवास ते सहन करतात. ओलं आणि हवेशीर हे बंद डब्यातल्या स्थिर पाण्यापेक्षा बरं. पोचल्यावर मात्र सामानाआधी दगडांचा ड्रम सुरू करायचा.

मोठ्या प्रमाणावर असं स्थलांतर मुंबईत झालं आहे. कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती २०२० च्या अखेरीस दुसरीकडे हलवल्या गेल्या. त्यासाठी वन विभागाची परवानगी घ्यावी लागली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात होते. मुंबईच्या गढूळ किनाऱ्यावर प्रवाळ आहेत हेच अनेकांना तेव्हा कळलं. तिथेही प्रश्न हाच होता : दगडाबरोबर त्याच्यावरचा जीव कसा न्यायचा?

आता धोक्याची गोष्ट, पालकांनी नीट वाचावी. दगड 'निर्जंतुक' करायला कधीही उकळू नका, त्यावर कडकडीत पाणी ओतू नका. काही दगडांवर बटणांसारखे मऊ जीव असतात, त्यांना झोअँथिड म्हणतात. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. दगड उकळला की ते वाफेबरोबर हवेत येतं. परदेशात अशा प्रकारे घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात न्यावं लागल्याच्या घटना घडल्या आहेत. कोरडा दगड कडक ब्रशने घासणंही त्याच कारणाने टाळा. दगड हाताळताना रबरी हातमोजे घाला, हाताला जखम असेल तर टँकमध्ये हात घालूच नका, आणि लहान मुलांना बघू द्या पण उचलू देऊ नका.

टँक पुन्हा भरल्यावर

दगड ठेवले, पाणी गरम झालं, खारटपणा जमला. तरी मासे लगेच नकोत. आधी दगडाची परीक्षा घ्या. माशांच्या दुकानात अमोनियम क्लोराइडचं द्रावण मिळतं. त्याने टँकमधला अमोनिया लिटरला १ ते २ मिलिग्रॅम करा आणि चोवीस तासांनी मोजा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले तर दगड जिवंत आहे. अर्धवट उतरले तर आणखी आठ-दहा दिवस थांबा. तरी मासे सगळे एकदम नको, एक-दोन करत सोडा, कारण उपाशी राहिलेल्या जिवाणूंना पूर्वीच्या संख्येला यायला वेळ लागतो. या आकड्यांचा रोजचा आलेख वर्गात भिंतीवर लावला तर नायट्रोजन चक्र मुलांना वेगळं पाठ करावं लागत नाही.

बहुतेक शाळांत गोड्या पाण्याचाच टँक असतो, तिथे लाइव्ह रॉक नसतो. पण हेच जिवाणूंचं काम तिथे फिल्टरचा स्पंज करतो. दिवाळीच्या सुट्टीत शिपाईमामांनी तो स्पंज नळाखाली पिळून, उन्हात वाळवून ठेवला, तर सुट्टीनंतर मासे मरण्याचं कारण तेच. टँकच्याच पाण्याच्या बादलीत, एअर पंप लावून ठेवायला सांगा.

राहता राहिलं ड्रममधलं उरलेलं खारं पाणी. ते बाथरूमच्या मोरीत ओता. तुळशीच्या कुंडीत किंवा शाळेच्या बागेत नको, झाडं जळतात. गोदावरीत किंवा नाल्यातही नको, आणि नको असलेले दगड तर मुळीच नकोत. ते दुसऱ्या एखाद्या टँकवाल्याला द्या, ओल्या कागदात गुंडाळून, त्याच दिवशी.